रेस अडकते म्हणून डबल स्प्रिंग लावताय? जुन्या डिझेल गाडीत या चुका टाळा

दिवे घाट चढून वर आलो, रस्ता सपाट झाला, मी रेसच्या पेडलवरून पाय उचलला, तरी इंजिन खाली यायचं नाव घेईना. गाडी जुना टाटा ४०७ टेम्पो, मागे मार्केट यार्डातून भरलेली पेंड, शेजारी भाचा. तो म्हणतो, "मामा, पाय काढा की!" पाय मी केव्हाच मागे ओढून घेतला होता.

अशा वेळी हात आधी किल्लीकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ज्या गाडीला बंद करायला ओढायचा स्टॉपर आहे, तिथे किल्ली फिरवून फक्त लाईट जाते, इंजिन आपलं चालूच. घाईत किल्ली उपसली तर स्टिअरिंग लॉक व्हायची भीती वेगळी. आधी क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, गाडी कडेला उभी राहिली की मग स्टॉपर ओढा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण व्हॅक्यूमच्या ब्रेकला इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, नंतर पेडल दगडासारखं होतं.

"क्लच दाबला तर इंजिन फाटेल" म्हणून काही जण नुसत्या ब्रेकवर झुंजत बसतात. इंजिन किंचाळतं हे खरं. पण अडकलेली गोष्ट पेडल किंवा केबल असेल, तर इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपातला गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, ठरलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर इंजिनाला जाऊ देत नाही. तेवढे काही सेकंद इंजिन सोसतं. ब्रेक मात्र पेटतात.

मी ही गाडी आधी दोनदा गॅरेजला दाखवली होती. पहिल्या वेळी पेडलच्या पिनेवर तेल सोडलं. दुसऱ्या वेळी पंपाच्या लिव्हरला आणखी एक स्प्रिंग अडकवून दिली. डबल स्प्रिंग हा आपल्याकडचा सर्वांत आवडता इलाज, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. अडकणारी जागा तशीच राहते, फक्त थोडे दिवस दडते. पुण्यातून सासवडला पोचेपर्यंत पोटरी भरून येते आणि त्या जादा ताणाने लिव्हरचा बुश एका बाजूने खायला लागतो. जुनी स्प्रिंग खरंच सैलावली असेल, तर तिच्याच मापाची नवी घाला. विषय संपला.

तेलाचंही तसंच. पावसाळ्यात फुरसुंगी-वडकीच्या रस्त्याचा चिखल बुटांबरोबर आत येतो, पेडलच्या बिजागरीत बसतो, वाळतो. त्यावर तेल ओतलं की लापशी तयार. आधी डिझेल आणि ब्रशने धुवा, पुसा, मग बोटभर ग्रीस. ज्या केबलला आतून प्लॅस्टिकचं अस्तर आहे तिच्यात तर काहीच सोडू नका, धूळ धरून ती आणखी जड होते. आणि हे सगळं करण्याआधी पायाखाली पाहा. गोणपाट किंवा सरकलेलं रबरी मॅट पेडलच्या खाली किंवा वर अडकलेलं असतं आणि आपण पंप खोलायच्या गोष्टी करतो.

आता शोधायचं कसं, ते सांगतो. इंजिन बंद, चाकाला दगड, आणि सुरुवात पंपाकडून. पंपाच्या लिव्हरवरून केबल सोडा. लिव्हर हाताने पुढे ढकलून सोडला की टक्कन जागेवर यायला हवा. येत नसेल तर दोष पंपाकडचा: बाहेरच्या दांडीवर गळलेलं डिझेल आणि धूळ मिळून गोंद झालेला असतो, तो धुऊन पाहा. लिव्हर मोकळा असेल तर केबलचं दुसरं टोक पेडलपासून सोडा. पेडल वेगळं हलवून बघा, केबल वेगळी. दहा मिनिटांत तीनपैकी एक चोर सापडतो.

माझा सापडला नाही. सकाळी गॅरेजात तिन्ही गोष्टी लोण्यासारख्या चालायच्या. गाडी अडकायची ती घाट चढल्यावर, आणि आम्ही तपासायचो रात्रभर उभ्या असलेल्या थंड इंजिनावर! त्या दिवशी मात्र घाटमाथ्यावरच इंजिनाचं झाकण उघडलं. केबल एक्झॉस्टच्या इतक्या जवळून गेली होती की हात ठेववेना. नंतर ती काढून पाहिली तर एका जागी दोन बोटं रुंद, काळा, चकचकीत, चपटा पट्टा. अस्तर वितळून आतल्या तारेला चिकटत होतं. गार झालं की सुटायचं. तार चिंधीतून ओढली तर एका ठिकाणी दोरा अडकला: तारेचा एक पीळ तुटून काट्यासारखा बाहेर आला होता.

अशी केबल दुरुस्त करत बसू नका. नाना पेठेत नवी मिळते, जुनी सोबत नेऊन लांबी जुळवा. बसवताना एक्झॉस्टपासून लांब, मोठ्या वळणाने न्या आणि क्लिपने बांधा. पेडल सोडलेलं असताना केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा. पेडल पूर्ण दाबल्यावर त्याचा थांबा आणि लिव्हरचा थांबा एकाच वेळी लागायला हवा. नाहीतर दर वेळी पायाचं सगळं वजन तारेवर येतं आणि पीळ पुन्हा तुटतो. केबलऐवजी सळ्या असलेल्या गाड्यांत इंजिनाचं माउंटिंगही बघा. रबर बसलेलं असेल तर लोडवर इंजिन कलतं आणि सळी स्वतःच ओढली जाते.

पंपाच्या बाबतीत मात्र हात आवरा. पंप बनवणारी मायको कंपनी २००८ पासून बॉश झाली, तरी आपण अजून मायकोचाच पंप म्हणतो. त्यावरचा सील केलेला स्क्रू "थोडी रेस कमी करतो" म्हणून फिरवू नका, कमाल फेऱ्या तोच ठरवतो. लिव्हर मोकळा आहे, केबल सोडलेली आहे, तरी इंजिन उतरत नाही, तर आतला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकला असावा. डिझेलमध्ये पाणी जाऊन गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की असं होतं. ती गाडी चालवत नेऊ नका, टो करून पंपवाल्याकडे न्या.

नवी केबल घालून मी पुन्हा भरल्या गाडीनिशी दिवे घाट चढलो आणि वर थांबून झाकण उघडलं. या वेळी केबलवर हात ठेवता आला. मग भाच्याला खाली उतरवून पान्याने ती जादा स्प्रिंग काढायला लावली.