मळीवर यीस्ट वाढवताना : नव्याने प्रकल्प घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्याला कच्चा माल शोधत हिंडावं लागत नाही. एम.एस्सी.ला असताना मी साखर कारखान्यातून कॅनभर मळी (साखर काढून उरलेला काळा, घट्ट पाक) आणली आणि तिच्यावर बेकरीचं यीस्ट वाढवून पशुखाद्यासाठी प्रथिन करायला घेतलं. कल्पना जुनीच. पहिल्या महायुद्धात जर्मनीत असं यीस्ट माणसांच्या जेवणातही गेलं होतं.

पहिल्या खेपेला २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २०० मिली द्रावण भरलं. जास्त भरलं की जास्त मिळेल, एवढाच हिशेब. दुसऱ्या दिवशी कापसाचा बोळा काढला तर दारूचा भपकारा आला, आणि तळाला यीस्ट नावापुरतं. हवा कमी पडली की यीस्ट साखरेची दारू करतं. बेकरीचं यीस्ट तर हवा मुबलक असली तरी साखर जास्त झाली की तेच करतं. म्हणून कारखान्यात मळी एकदम न ओतता थोडी थोडी सोडतात. मग मी मळी पातळ केली, फ्लास्कमध्ये ५० मिलीच भरले आणि शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, ठेवले. वास गेला, पेशी वाढल्या. टोरुला यीस्ट मिळालं तर तेच घ्या. ते साखरेने असं बहकत नाही.

मळी आधी आम्ल घालून तापवा आणि रात्रभर निवळू द्या. नाहीतर तिच्यातला गाळ यीस्ट म्हणून तोलला जातो. यीस्ट न घातलेला एक फ्लास्क सोबत ठेवाच.

सगळ्यात जपायचं ते प्रथिनाच्या आकड्याला. केल्डाल पद्धतीत नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. पण यीस्टच्या सुक्या वजनात साधारण ६ ते १२ टक्के न्यूक्लिक आम्लं असतात, त्यांचा नायट्रोजनही त्यात धरला जातो आणि आकडा फुगतो. शिवाय माणसाच्या शरीरात या न्यूक्लिक आम्लांतून यूरिक आम्ल बनतं. गाई-म्हशी ते पुढे मोडून बाहेर टाकतात, आपल्याला ते जमत नाही. म्हणूनच क्वॉर्नसाठी (बुरशीपासून केलेला, मांसाऐवजी खायचा पदार्थ) वाढवलेली बुरशी तापवून तिच्यातला आरएनए, म्हणजे एक न्यूक्लिक आम्लच, कमी करतात. तुमचं प्रथिन माणसासाठी की गोठ्यासाठी, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहा. पुढच्या चाचण्या त्यावरच ठरतात.

आणि विषय पक्का करण्याआधी मॅडमना एवढं विचारून घ्या, की विभागातलं केल्डालचं उपकरण चालू आहे ना.