टेंडनसाठी सुईतून करंट घेताय? या चुका टाळा

टाचेमागचं, कोपराचं किंवा गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, महिनोन्महिने दुखत राहिला की काही फिजिओथेरपिस्ट सुईतून करंट देण्याचा उपचार सुचवतात. स्पेनमध्ये विकसित झालेली ही पद्धत आता आपल्याकडेही माहीत होऊ लागली आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई टेंडनच्या बिघडलेल्या भागात नेतात आणि एकाच दिशेने वाहणारा, मोजक्या मिलिअँपिअरचा गॅल्व्हॅनिक करंट काही सेकंद सोडतात. सुई हे ऋण टोक असतं. तिच्या टोकाशी ऊतींतल्या पाण्याचं आणि मिठाचं विघटन होऊन अल्कली तयार होते, खराब तंतूंचा लहानसा भाग मोडतो आणि शरीर तिथे नव्याने दुरुस्तीला लागतं.

पहिली गफलत मशीनबद्दलची. टेन्स किंवा आयएफटी या करंटच्या मशीनचे पॅड कातडीवर लागतात, त्यांचं काम मुख्यतः वेदना कमी करणं. ड्राय नीडलिंगच्या, म्हणजे औषध न सोडता स्नायूत टोचलेल्या, दोन सुयांना क्लिप लावून स्नायू फडफडवतात, तेही वेगळं. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत कुठल्याही क्लिनिकमध्ये गेलात तरी विचारा: करंट कोणता, आणि सुई कुठे जातेय ते सोनोग्राफीत दिसणार का? शेकण्याच्या अल्ट्रासाउंड मशीनवर चित्र दिसत नाही. थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का आणि सुईचं प्रशिक्षण झालंय का, हेही विचारा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही.

पेसमेकर, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, त्या जागेजवळचं धातूचं इम्प्लांट किंवा संसर्ग, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, सुई पाहून काहींना भोवळ येते. उपासाचा दिवस असेल तर सरळ तारीख बदलून घ्या.

घरी आल्यावर दुखतं आणि हात डायक्लोफिनॅककडे जातो. इथे थांबा. या उपचारात थोडा दाह मुद्दाम घडवून आणलेला असतो, म्हणून दाह दाबणारी गोळी आणि बर्फ सहसा टाळायला सांगतात. फारच दुखलं तर कोणती गोळी चालेल ते आधीच विचारून ठेवा. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी दिलेली औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका. एक-दोन दिवसांचा ठणका अपेक्षित असतो. लाली किंवा सूज वाढत गेली, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. खांद्याजवळ सुई घेतल्यावर दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्यायाम न करणं. सुई दुरुस्तीला सुरुवात करून देते. नवे तंतू ताकदीचे होतात ते हळूहळू वाढवलेल्या भारामुळेच. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेच्या टेंडनसाठी जो कार्यक्रम मांडला, त्यात पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच हळू खाली सोडायची होती, दिवसाला 180 वेळा, 12 आठवडे. प्रत्येकाला एवढा आकडा लागत नाही, पण कालावधीची कल्पना यावी. दुखणं थेट हाडाला चिकटणाऱ्या जागी असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, तिथे टेंडन दाबलं जातं. व्यायामात दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं तर हरकत नाही. उलट, बरं वाटलं म्हणून दुसऱ्याच दिवशी सेमिनरी हिल्सच्या चढावर धावणं किंवा बॅडमिंटनचे पूर्ण सामने खेळणं, यात केलेलं काम वाया जातं. अंबाझरीच्या सपाट रस्त्यावर थोडं चालणं पुरे.

तीन-चार बैठकांनंतरही फरक नसेल तर पुढची सुई मागण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या. कोपराचं दुखणं मानेतून येत असू शकतं. साखर ताब्यात नसेल तर टेंडन सावकाश भरतं. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं असेल तर तेही सांगा, या गटातल्या औषधांनी टाचेचं टेंडन दुखावतं, क्वचित तुटतंही.