जुन्या संगणकाला जॉयस्टिक जोडताना या चुका टाळा

प्लग पोर्टमध्ये घट्ट बसला म्हणजे जॉयस्टिक त्या संगणकाला चालणार, असे गृहीत धरणे ही या छंदातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अटारीने 1977 मध्ये आपल्या व्हीसीएस या खेळयंत्राला नऊ पिनांचे पोर्ट दिले आणि कमोडोर 64, अमिगा, अटारी एसटी या घरगुती संगणकांनी तीच रचना जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. एमएसएक्स, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी, टीआय-99/4ए आणि सेगाची खेळयंत्रे यांच्यावरही त्याच आकाराचे पोर्ट दिसते; मात्र आतल्या तारा सगळीकडे सारख्या नसतात.

अटारीच्या रचनेत 1 ते 4 या पिना अनुक्रमे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे या दिशांच्या असतात, 6 फायर बटणाची, 7 वर पाच व्होल्ट आणि 8 वर ग्राउंड. साध्या जॉयस्टिकमध्ये पाच स्विचखेरीज काहीच नसते. दांडा ढकलला की त्या दिशेची पिन 8 शी जोडली जाते, इतकेच. त्यामुळे अशी जॉयस्टिक एमएसएक्सवरही चालते. ऑटोफायर (बटण धरून ठेवले की आपोआप पुन्हापुन्हा फायर होणे) असलेल्या जॉयस्टिकला मात्र 7 वर वीज लागते, आणि एमएसएक्समध्ये वीज 5 वर असून 7 ही दुसऱ्या बटणाची पिन आहे. तिथे ऑटोफायर चालले नाही तर जॉयस्टिक बिघडली असे समजून ती उघडत बसू नका.

सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड थेट कमोडोर 64 ला लावण्याबाबत मी अधिक कडक शब्दांत सांगेन: लावू नका. त्या पॅडमध्ये नुसते स्विच नसून एक चिप असते. तिला पिन 5 वर वीज हवी असते आणि 7 वर बटणांचा संच निवडणारा संकेत. कमोडोरवर 5 ही अ‍ॅनालॉग इनपुटची पिन आहे आणि वीज आहे 7 वर. परिणामी चिपला आडवाटेने वीज मिळते आणि ती ज्या तारांवर स्वतःहून व्होल्टेज ढकलते, त्याच तारा कीबोर्डसाठीही वापरल्या जातात. पॅड वरवर चालतो, म्हणून लोक निश्चिंत राहतात. ताण मात्र कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचणाऱ्या 6526 या सीआयए चिपवर पडत असतो. यासाठी बनवलेला अ‍ॅडाप्टर मध्ये घाला. सेगाच्याच मास्टर सिस्टिम या खेळयंत्राच्या मूळ पॅडमध्ये फक्त स्विच असल्याने त्याचे पहिले बटण फायर म्हणून व्यवस्थित चालते.

कमोडोर 64 वरची आणखी एक तक्रार वारंवार ऐकू येते: जॉयस्टिक हलवली की पडद्यावर अक्षरे उमटतात. पोर्ट 1 आणि कीबोर्ड एकाच तारांवर असल्यामुळे फायर दाबल्यावर स्पेस आणि वर ढकलल्यावर 1 उमटणे हे तिथे स्वाभाविकच आहे. कीबोर्ड बिघडलेला नसतो. बरेच एकेरी खेळ पोर्ट 2 ची अपेक्षा करतात, तेव्हा आधी प्लग तिथे हलवून पाहा.

झेडएक्स स्पेक्ट्रमला 1982 मध्ये जॉयस्टिकचे पोर्टच नव्हते. ते इंटरफेस जोडून मिळवावे लागे. केम्पस्टन या इंटरफेसची जॉयस्टिक संगणक 31 या अंतर्गत पत्त्यावर वाचतो, तर सिंक्लेअरचा इंटरफेस 2 जॉयस्टिकला 1 ते 5 आणि 6 ते 0 या कळांसारखे वागवतो. खेळाच्या मेनूमध्ये चुकीचा प्रकार निवडला की दांडा मुका वाटतो. स्पेक्ट्रम +2 वर पोर्ट अंगचेच आहेत, पण त्यांची पिनरचना अटारीपेक्षा वेगळी आहे आणि साध्या जॉयस्टिकसाठी अ‍ॅडाप्टर लागतोच.

एक चूक केबलची. तार आखूड पडली म्हणून हाताशी असलेली नऊ पिनांची सिरियल केबल जोडली जाते. ती नल-मोडेम प्रकारची असेल तर 2 आणि 3 या तारांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे खाली ढकलल्यावर पात्र डावीकडे जाते. पूर्ण फिरवलेल्या केबलमध्ये तर 7 आणि 8, म्हणजे वीज आणि ग्राउंड, हेही उलटतात. मी अशी प्रत्येक केबल आधी मल्टिमीटरवर तपासतो: एक टोक पिन 1 वर धरायचे, दुसरे समोरच्या पिनांवर एकेक करून टेकवायचे आणि बीप नेमका कुठे वाजतो ते कागदावर लिहायचे. पाच मिनिटांत नऊही तारा कळतात.

पंधरा पिनांच्या पोर्टबाबतही हाच न्याय लागू होतो. बीबीसी मायक्रोचे अ‍ॅनालॉग पोर्ट आणि आयबीएम पीसीचे गेम पोर्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची जोडणी वेगळी आहे.

दोष नक्की कुठे आहे हे शोधताना खेळ बाजूला ठेवून थेट संगणकाच्या बेसिक या भाषेत तपासावे. कमोडोर 64 वर पोर्ट 2 साठी PRINT PEEK(56320) ही आज्ञा देऊन पाहा. काहीही दाबलेले नसताना 127 दिसायला हवे. वर ढकलल्यास 126, खाली 125, डावीकडे 123, उजवीकडे 119 आणि फायरला 111. अटारीच्या आठ-बिट संगणकांवर STICK(0) ही आज्ञा मोकळ्या स्थितीत 15 देते, तर केम्पस्टन लावलेल्या स्पेक्ट्रमवर IN 31 ही आज्ञा शून्य देते आणि फायर दाबल्यावर 16. एकच दिशा लागत नसेल तर आधी जॉयस्टिकमधले संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि दुसरी जॉयस्टिक लावून तुलना करा.

प्लग काढताना किंवा लावताना संगणक बंद असलाच पाहिजे आणि पोर्टच्या उघड्या पिनांना बोट लावू नये, कारण अंगावरच्या स्थिर विजेचा एक झटकाही सीआयएला पुरतो. दुसऱ्या जॉयस्टिकनेही तीच दिशा मृत राहिली, तर कमोडोर 64 मधल्या दोन्ही 6526 चिपा सॉकेटमध्ये आहेत का ते पाहा. असतील तर वीज काढून यू1 आणि यू2 (बोर्डवर या दोन चिपांना दिलेले क्रमांक) यांची अदलाबदल करा. जॉयस्टिक सुधारली, तर मूळ यू1 चिप बदलावी लागेल.