पुनर्विकासाची कामं सांभाळून मनासारखं काम: छोट्या आर्किटेक्ट ऑफिसचा हिशेब

ऑफिसचं भाडं सोसायट्यांच्या पुनर्विकासातून निघतं आणि जीव मात्र गावच्या शाळेत, वाचनालयात गुंतलेला असतो. दोन्ही सांभाळायचं तर आधी तासाची किंमत काढा.

चार जणांच्या ऑफिसचा महिन्याचा खर्च २,४०,००० रुपये धरू. २५ दिवस, माणशी ६ तास, म्हणजे ६०० तास. फुकटच्या बैठका, फोन आणि वसुलीत १२० तास जातात. उरलेल्या ४८० तासांत खर्च वाटला की एक तास ५०० रुपयांना पडतो. या खर्चात स्वतःचा पगार धरलाच पाहिजे. तो वगळला की तास स्वस्त दिसतो आणि न परवडणाऱ्या कामाला होकार जातो.

आता शाळेचं काम ३०० तासांचं असेल, तर ऑफिसला ते १,५०,००० रुपयांना पडणार. संस्था ६०,००० देणार असेल, तर उरलेले ९०,००० कोणत्या कामाच्या नफ्यातून येणार हे होकार देण्याआधी कागदावर लिहा. त्या कामाचं नाव लिहिता आलं नाही तर काम पुढच्या वर्षावर ढकला. वर्षाच्या ५,७६० तासांपैकी १० टक्के अशा कामांना राखून ठेवले, तर एक शाळा आणि एखादं लहान घर होतं. त्यापलीकडे गेलात की बिल्डरची ड्रॉइंग रखडतात.

फी कमी घेतली तर कामही तेवढं आखडा आणि तसं पत्रात नमूद करा: तीनऐवजी एकच पर्याय, थ्रीडी चित्रं नाहीत, साइटवर पाचच भेटी. त्या पाच कधी, तर लाइन-आउट (जमिनीवर इमारतीची आखणी), पायाचं लोखंड, लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई), स्लॅब भरण्याआधी आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी. स्ट्रक्चरल तपासणी आणि पाण्याच्या निचऱ्याची ड्रॉइंग मात्र कधीही कापू नका. कमी फीच्या इमारतीलाही तेवढाच पाऊस झेलायचा असतो.

पण आदर्श फक्त त्या १० टक्क्यांत ठेवले, तर उरलेल्या ९० टक्के इमारतींत राहणाऱ्यांनी काय करायचं? आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं मुंबईतलं कांचनजंगा (१९८३) महागड्या फ्लॅटचंच काम होतं. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच. त्यातून कोपऱ्यांतल्या दोन मजली उंचीच्या बागा निघाल्या.

आपल्या सात मजली इमारतीतही असे दोन-तीन आग्रह धरता येतात: जिन्याला प्रत्येक मजल्यावर बाहेरची खिडकी, कोपऱ्यातल्या बेडरूमला दोन भिंतींत उघडणी, स्वयंपाकघराला डक्टऐवजी (पाइपांच्या बंदिस्त पोकळीऐवजी) मोकळ्या जागेकडची खिडकी. हे कॉलमची जागा पक्की होण्याआधी ठरवा. पार्किंगच्या हिशेबाने कॉलम बसले की खिडकीची जागाही ठरून जाते, आणि परवानगीनंतर बदल म्हणजे सुधारित नकाशे, पुन्हा फेऱ्या. इथेच बहुतेकांचा आग्रह हरतो, आणि दोष बिल्डरवर जातो.

बिल्डरशी सौंदर्यावर बोलू नका, चौरस फुटांत बोला. पश्चिमेच्या भिंतीला उन्हासाठी १५० ऐवजी २०० मिमीचा एएसी ब्लॉक (हलक्या काँक्रीटची मोठी वीट) हवा असेल तर तो लगेच अडवेल. कारण बाहेरची भिंत एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामात मोजली जाते, पण रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) कार्पेट एरियात, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या विकायच्या क्षेत्रात येत नाही. म्हणून सगळ्या बाजूंना मागू नका. एका फ्लॅटची पश्चिमेची भिंत ६ मीटर असेल तर वाढतात ०.३ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन चौरस फूट. हा आकडा समोर ठेवला की चर्चा शक्य होते. आणि ६०० मिमीचा छज्जा पावसासाठी उपयोगी आहे, पण पश्चिमेचं उतरतं ऊन त्याखालून आत येतंच. त्यासाठी खिडकी अरुंद करा किंवा बाजूला उभ्या पट्ट्या द्या.

सोसायटीचा पीएमसी (तिच्या बाजूने काम पाहणारा सल्लागार) आणि त्याच इमारतीसाठी बिल्डरचा आर्किटेक्ट, ही दोन्ही कामं एका ऑफिसने घेऊ नयेत, कितीही फी मिळाली तरी. टाइल्सवाल्याचं कमिशनही नको. ते घेतलं की त्याचा खराब माल साइटवरून परत पाठवण्याचं बळ राहत नाही. काम मिळवण्यासाठी कमिशन देण्या-घेण्यावर आर्किटेक्टांच्या १९८९ च्या आचारनियमांतच बंदी आहे.

पुनर्विकासात कमिटीतल्या भांडणांनी काम वर्षभर थांबू शकतं, त्यामुळे फीचे टप्पे पुढे ओढा. व्यवहार्यता अहवालाची ठरावीक रक्कम आधी घ्या, आणि बांधकाम परवानगी हाती येईपर्यंत एकूण फीच्या ४५ टक्के जमा झालेले असू द्या. करारात ‘बांधकाम सुरू झाल्यावर’ असं लिहू नका, ‘ड्रॉइंग दिल्यापासून १५ दिवसांत’ असं लिहा. बांधकाम कधी सुरू होईल हे तुमच्या हातात नसतं, ड्रॉइंग देणं असतं. टप्पा जवळ आला की आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवून रक्कम मान्य करून घ्या. टॅक्स इन्व्हॉइस (पक्कं बिल) निघालं की पैसे आले नसले तरी १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून भरावा लागतो.