गारूड लिहिताना हात कुठे अडतो

तीस वर्षं प्रुफं वाचली, पण एका ओळीनं दिलेला मनस्ताप अजून विसरलो नाही. दिवाळी अंकात एका गायिकेवर लेख होता. लेखिकेनं लिहिलं होतं, 'त्या आवाजाचं गारूड अजून उतरलेलं नाही.' छापून आलं, 'त्या आवाजाचं गरुड अजून उतरलेलं नाही.' काना गळला, उकार ऱ्हस्व झाला आणि ओळीत पक्षी शिरला. शेवटच्या प्रुफावर सही माझीच.

म्हणून सांगतो, हा शब्द आला की आधी लिंग बघा. तो गरुड, ते गारूड. 'उतरलेलं' आहे म्हटल्यावर तिथे पक्षी असूच शकत नाही. संगणकाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात, तिथे हीच खूण उपयोगी पडते.

मग उकार. गरुड संस्कृतातून जसाच्या तसा आला, तो ऱ्हस्व. मराठी गारूडातला रू एकट्यानं दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व: गारुडानं, गारुडात. (वरच्या वाक्यात मीच चुकलो, बघा: 'गारुडातला' हवं.) भारूड, भारुडात तसंच. गारुडी, गारुड्याची पोतडी, इथेही ऱ्हस्वच.

अर्थ ठरवताना सापाला विसरू नका. आई विनतेला सापांची आई कद्रू हिच्या दास्यातून सोडवायला गरुडानं अमृत आणलं आणि साप आपलं भक्ष्य व्हावेत असा वर इंद्राकडून मिळवला. महाभारताच्या आदिपर्वातली ही गोष्ट. म्हणून विष उतरवण्याची विद्या ती गारुड विद्या, ती जाणणारा गारुडी. (खरोखर साप चावला तर मात्र थेट दवाखाना गाठा.) पुढे पुंगी-टोपलीवाला गारुडी, त्याची नजरबंदी, आणि शेवटी नुसती भुरळ. पाचूला संस्कृतात गारुत्मत म्हणतात, तोही याच घरातला.

क्रियापद जपून निवडा. गारूड करतात, घालतात, ते उतरतं. विष उतरतं तसंच. 'गारूड निर्माण केलं' दिसलं की मी काट मारतो. चित्रपट-परीक्षणांत तर दर परिच्छेदाला गारूड असतं, तिथे दोन उडवावीत.

'गारुडी' शब्द लबाड माणसासाठी वापरू नका. मांग गारुडी हा जिताजागता समाज आहे. मी तिथे 'भोंदू' करतो.

त्या लेखिकेचं पुढच्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. एकच ओळ: 'गरुड उतरला का?' लिंग तिनं अचूक साधलं होतं.