मोगऱ्याच्या अत्तराची पारख: पहिल्या थेंबापासून सहाव्या तासापर्यंत

अत्तराच्या दुकानात कुपी उघडून नाकाशी धरली, दोन क्षण डोळे मिटले आणि खरेदी झाली, असे बहुतेकांचे होते. त्या दोन क्षणांत मिळतो तो अत्तराचा केवळ आरंभ. फुलांपासून काढलेले अत्तर विकत घेण्यापूर्वी त्याचा एक थेंब अंगावर लावून सहा तास थांबावे, असा माझा आग्रह आहे, कारण त्याची खरी पारख शेवटच्या टप्प्यात होते.

याचे कारण अत्तर तयार करण्याच्या पद्धतीत आहे. उत्तर प्रदेशातील कनौज येथे तांब्याच्या देगीत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात व देग मंद आचेवर तापवतात. तिची वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते, आणि पारंपरिक पद्धतीत त्या भपक्यात आधीपासूनच चंदनाचे तेल असते. फुलाचा गंध त्या तेलात मुरतो. अत्तरात अल्कोहोल नसल्यामुळे ते स्प्रेच्या सेंटसारखे एकदम दरवळत नाही, तर अंगाच्या उबेने हळूहळू उलगडते.

पारख करण्यासाठी मोगरा घ्यावा (कनौजकडे त्यालाच बेला म्हणतात), कारण त्याच्या अवस्था स्पष्टपणे वेगळ्या जाणवतात. त्या दिवशी सुगंधी साबण, पावडर आणि क्रीम टाळावे. ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला किंचित अत्तर लावून खाज किंवा लाली येत नाही ना, हे पाहावे. मग काडीच्या टोकावर मावेल एवढेच अत्तर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवावे आणि चोळू नये. हळदीकुंकवात हाताच्या पाठीवर अत्तर लावले की आपण नकळत दुसरा हात त्यावर घासतो. चोळण्याने त्वचा तापते, अत्तर पसरते आणि आरंभीचा हलका गंध लवकर उडून जातो, म्हणून पारख करताना ही सवय बाजूला ठेवावी.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बेंझिल ॲसिटेटसारखी हलकी द्रव्ये वर येतात. त्यांचा वास गोड, काहीसा फळासारखा असतो, आणि घाईचे गिऱ्हाईक भुलते ते यालाच. अर्ध्या-पाऊण तासाने गंध दाट होऊ लागतो. आता इंडोल जाणवते. हे द्रव्य वेगळे काढून हुंगले तर डांबरगोळ्यांची आठवण करून देते, पण मोगऱ्यात अल्प प्रमाणात असताना तेच फुलाला जिवंतपणा देते. दिवसभर केसांत माळलेला गजरा रात्री काढून ठेवावा, कडा तपकिरी पडलेल्या त्याच्या पाकळ्यांना जो जड, किंचित कुबट गोडवा असतो, तो या टप्प्यात सापडला पाहिजे. नुसताच स्वच्छ, साबणासारखा गोडवा राहिला, तर मला त्या अत्तराविषयी शंका येते.

दर पाच मिनिटांनी मनगट हुंगू नये. नाक त्याच वासाला सरावते आणि अत्तर उडाल्याचा भास होतो. अशा वेळी मोकळ्या हवेत फिरून यावे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला हुंगायला सांगावे. कोरड्या त्वचेवर गंध कमी टिकतो. तेथे अत्तराआधी बिनवासाच्या तेलाचा हात फिरवला तर फरक पडतो.

पाच-सहा तासांनी फूल मागे सरते आणि तळ उघडा पडतो. चंदनातील सँटालॉलचा रेणू बेंझिल ॲसिटेटच्या जवळजवळ दीडपट जड असतो आणि तो फार सावकाश उडतो. त्यामुळे आता सहाणेवर नुकत्याच उगाळलेल्या खोडासारखा मऊ, दुधाळ वास मनगटावर रेंगाळायला हवा. चंदन महागल्यापासून अनेक ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरतात, ज्याला स्वतःचा वास नसतो. अशा अत्तराचे फूल उडाले की त्वचेवर फक्त तेलकटपणा उरतो. कृत्रिम चंदनगंध मिसळलेला असेल तर मात्र एवढ्याने निवाडा होत नाही. तेव्हा शक्य असल्यास दुसऱ्या मनगटावर खात्रीच्या चंदन तेलाचा थेंब लावून दोन्ही वास एकापाठोपाठ ताडून पाहावेत.