टू लावायचं की आयएनजी? आधी मराठीत म्हणून बघा

"आय एन्जॉय टू स्विम" असं मी कॉलेज संपेपर्यंत बिनधास्त बोलायचो, कारण डोक्यात "मला पोहायला आवडतं" चालू असायचं आणि "पोहायला" आलं की तोंडातून टू निघणारच. बरोबर वाक्य आहे "आय एन्जॉय स्विमिंग". आपण काय करतो, जायला आवडतं, जायला तयार झाला, जायला सुचवलं, सगळीकडे तेच "जायला" वापरून मोकळे होतो, इंग्रजीत मात्र पुढे टू येणार की आयएनजी ते आधीचं क्रियापद ठरवतं.

म्हणजे थोडं पाठांतर आलंच. आयएनजीवाले आधी धरा, आपली चूक तिथेच जास्त होते: एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप, गिव्ह अप, सजेस्ट. टूवाले म्हणजे वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, रिफ्यूज, यांत बहुतेक वेळा काम अजून व्हायचं असतं. पण यावर फार विसंबू नका, सजेस्टमध्येही काम पुढेच असतं आणि तरी "ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन" असंच येतं. वहीत नुसतं "अव्हॉइड म्हणजे टाळणे" लिहू नका, शेपटीसकट "अव्हॉइड टॉकिंग" लिहा. लाइक, लव्ह, स्टार्टला दोन्ही चालतं, तिथे डोकं शिणवू नका.

खरी मजा स्टॉप, रिमेंबर, फर्गेटमध्ये आहे, दोन्ही चालतं पण अर्थ बदलतो, आणि इथे चक्क मराठी मदतीला येते. "चहा प्यायला थांबलो" म्हणजे "आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी", गाडी टपरीवर लावली. "चहा प्यायचं बंद केलं" म्हणजे "आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी", ॲसिडिटी वगैरे. तसंच "गॅस बंद करायचं लक्षात ठेव" हे "रिमेंबर टू टर्न ऑफ द गॅस", आणि अर्ध्या रस्त्यात छातीत धस्स होऊन आपण म्हणतो ना, "बंद केल्याचं आठवतंय मला", ते "आय रिमेंबर टर्निंग इट ऑफ". मराठीत "केल्याचं" आलं की आयएनजी, "करायला" किंवा "करायचं" आलं की टू, पण ही युक्ती रिमेंबर-फर्गेटपुरतीच हां, एन्जॉयला लावाल तर परत पोहायला टू लागेल.

मेक आणि लेटला दोन्ही नको, "लेट मी गो", संपलं.

आता ईमेलमधली चूक, जी मीपण नोकरीच्या अर्जात करून बसलोय: "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू". इथे "टू मीटिंग यू" हवं. टूच्या पुढे "इट" (it, म्हणजे "ते", खाण्याचं नव्हे) ठेवून बघा, "लुकिंग फॉरवर्ड टू इट" जमतं ना, मग क्रियापदाला आयएनजी लावा. "आय वॉन्ट टू इट" जमत नाही, तिथे साधं क्रियापद. याच टेस्टने "आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह" म्हणजे पाचला उठायची सवय आहे, आणि "आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह" म्हणजे पूर्वी उठायचो, हेही सुटतं. पहिलं वाक्य आमच्या आईचं, दुसरं माझं.